राखणावळ द्या, मग झाडं मागा

मागच्या पावसाळ्यात काकांच्या मोबाइलवर मी ई-पीक पाहणी भरत होतो. कुंभिवलीची आमची जमीन दोन तुकड्यांत आहे. खाली भाताची खाचरं आणि वर उताराला तीन एकर वरकस. खाचरांचं काम दोन मिनिटांत झालं. पीक भात, फोटो काढला, सबमिट केलं. मग वरकसाचा नंबर आला.

"काका, इथे काय टाकू?"

"काय आहे तिथं? झाडं आहेत. टाक झाडं."

अ‍ॅपमध्ये बांधावरची झाडं नोंदवता येतात, फळबाग नोंदवता येते. पण ऐन, किंजळ, पळस, कुंभा, मधे करवंदीच्या जाळ्या आणि खाली घोट्याएवढा पाचोळा, असं जे पन्नासेक वर्षांत आपलं आपण उभं राहिलंय, त्याच्यासाठीचा पर्याय काही आम्हाला सापडला नाही. शेवटी मी 'कायम पड' निवडलं. काकांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे काहीच नाही असं लिहिलंस."

बरोबर होतं त्यांचं. सरकारच्या लेखी त्या तीन एकरांत काहीच नाही. आणि तरी त्यातला एक ऐन विनापरवाना तोडला तर तो गुन्हा आहे. उभं असताना शून्य आणि आडवं झालं की गुन्हा, असं हे विचित्र झाड आहे. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे: खाजगी जमिनीवरचं जंगल राखणाऱ्याला दरवर्षी रोख मोबदला मिळाला पाहिजे, आणि तो त्या जंगलाचं पाणी पिणाऱ्या शहराने दिला पाहिजे. दळणाऱ्याला दळणावळ देतो, धुणाऱ्याला धुणावळ देतो, तशी राखणाऱ्याला राखणावळ. ती द्यायची तयारी नसेल तर पश्चिम घाटाच्या नावाने गळे काढणं बंद करावं.

माझा यात स्वार्थ आहे, तो आधीच सांगतो. ते तीन एकर माझ्या घरचे आहेत. पण असे तीन-तीन, पाच-पाच एकर कर्जत-खालापूरच्या गावोगावी आहेत, आणि त्यांचं पुढच्या दहा वर्षांत काय होतं यावर इथल्या डोंगरांचं काय होणार हे ठरणार आहे.

वरकस म्हणजे काय

शहरात वाढलेल्यांना हा शब्द माहीत नसतो. कोकणात भातशेती खाली सपाटीला, आणि तिला जोडून वर डोंगरउताराची जमीन असते, ती वरकस. तिथे नाचणी, वरी घ्यायची, दोन-तीन वर्षांनी ती तशीच सोडायची. त्या मोकळ्या वर्षांत गवत वाढायचं, झुडपं वाढायची. झाडांचा टहाळ तोडून आणायचा, त्यात शेण, गवत, पाचोळा घालायचा आणि भाताचं बी पेरायच्या जागेवर भाजायचा. त्याला राब म्हणतात. म्हणजे वरच्या झाडांशिवाय खालचं भात नाही, असं हे एकच शेत होतं, दोन मजल्यांचं.

इंग्रजांच्या वनखात्याला हा वरचा मजला कधी कळला नाही. त्यांना तिथे लाकूड दिसलं. टहाळ तोडण्यावर बंधनं आली, शेतकऱ्यांनी इतकी ओरड केली की १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाचा हक्क कोणाचा, मालकीच्या जमिनीतलं झाड कोणाचं, ही त्यातली मुख्य भांडणं. जवळजवळ १४० वर्षं झाली. कुलाब्याचं नाव रायगड झालं. भांडण तेच आहे.

सातबाऱ्याची भाषाही बघण्यासारखी आहे. जमिनीचा जो भाग लागवडीचा नाही त्याला तिथे 'पोटखराबा' म्हणतात. खराबा. ज्या उतारावर पाणी मुरतं, माती धरून ठेवली जाते, मधमाश्या राहतात, तो भाग कागदावर खराब. पीककर्ज मिळतं ते पिकाच्या क्षेत्रावर, विमा पिकाला, नुकसानभरपाई पिकाची. उताराला जेसीबी लावून झाडं काढा, सपाट करा, काजू लावा, की तो भाग एकदम 'चांगला' होतो. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणातल्या शेतकऱ्याला दहा हेक्टरपर्यंतच्या लागवडीला अनुदान मिळतं, तीन वर्षांत, ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी. माझा फळबागेला विरोध नाही. पण कलम लावणाऱ्याला पैसे आणि आधीपासून उभं असलेलं राखणाऱ्याला शून्य, हा हिशोब कोणाच्या डोक्यातून आला?

कायद्याने काय शिकवलं

आपल्याकडे झाड वाचवण्यासाठी कायदे कमी नाहीत. १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, हिरडा, जांभूळ, मोह अशी झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. (गंमत म्हणजे कुंभिवली हे नाव ऐकताच जो कुंभा आठवतो, तो त्या यादीत नाही.) ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा दंड १,००० रुपयांवरून ५०,००० रुपये करायचं ठरवलं. कोकणातून विरोध झाला. शहरातल्या माझ्या मित्रांना तो विरोध म्हणजे लाकूडमाफियांची ओरड वाटली. काही प्रमाणात असेलही. पण काठी पन्नास पटींनी लांब करताना दुसऱ्या हातात काय आहे, हे कोणी विचारलं नाही. तो हात रिकामाच होता.

कोकणातला जुना माणूस झाडांबाबत सरकारवर विश्वास का ठेवत नाही, याचं उत्तर १९७५ मध्ये आहे. त्या वर्षी महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा आला. ३० ऑगस्ट १९७५ या दिवसापासून राज्यातली खाजगी वनं सरकारजमा झाली. हेतू वाईट नव्हता. मोठे जमीनदार जंगलं विकून खात होते, ते थांबवायचं होतं. लहान खातेदारांना, म्हणजे एकूण धारणा बारा हेक्टरपर्यंत असलेल्यांना, जमीन परत मिळण्याची वाट नंतर कलम २२-अ ने ठेवलीही. पण वाट असणं आणि ती चालून जाणं यात तहसील कचेरीच्या किती फेऱ्या असतात, हे ज्याच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'खाजगी वन' असा शेरा आहे त्याला विचारा.

त्या कायद्यातून गावाने जो धडा घेतला तो साधा होता. ज्याने आधीच झाडं तोडून नांगर घातला, त्याची जमीन वाचली. ज्याने राखली, त्याची गेली. हा धडा शाळेत शिकवावा लागत नाही. बाप मुलाला बांधावर उभं राहून सांगतो: जास्त वाढू देऊ नकोस, उद्या वनखातं येईल.

आणि याच कायद्याची दुसरी बाजू शहरात दिसली. विक्रोळी-मुलुंडकडच्या जमिनींनाही 'खाजगी वन' म्हणून जुन्या नोटिसा होत्या, १९५० च्या दशकातल्या. त्या जमिनींवर तोपर्यंत इमारती उभ्या राहिल्या होत्या, हजारो कुटुंबं राहत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइस खटल्यात निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. पन्नास वर्षं धूळ खात पडलेल्या नोटिशीवर लोकांना बेघर करता येत नाही, हे योग्यच झालं. मला त्या निकालाचं दुःख नाही. मला एवढंच दिसतं, की जिथे जंगल संपून टॉवर झाले तिथे कायदा अखेर मऊ झाला, आणि जिथे झाडं अजून उभी आहेत तिथल्या माणसाला अजूनही शेरा कमी करण्यासाठी फेऱ्या आहेत.

यावर २००३ चं माथेरान पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आलं. ४ फेब्रुवारी २००३ ची अधिसूचना, २१४.७३ चौरस किलोमीटर, त्यात कर्जत, खालापूर, पनवेलचा भाग. मग पश्चिम घाटाच्या याद्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. केंद्राने मसुदा अधिसूचना काढायला २०१४ मध्ये सुरुवात केली, आणि ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा मसुदाच निघाला. महाराष्ट्राचे त्यात १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. गाडगीळ समितीच्या अहवालात नुसती बंदी नव्हती. निसर्ग राखणाऱ्या स्थानिकांना त्याचा मोबदला मिळावा, असंही त्यात होतं. तेरा वर्षांत सहा मसुदे निघाले, बंदीवर टीव्हीवर भांडणं झाली, पण मोबदल्याचं पान कोणी उघडलं नाही. उद्योगवाल्यांना ते नको होतं हे समजतं. पर्यावरणवाल्यांनीही ते मोठ्याने वाचलं नाही, याचा मला जास्त राग आहे.

पाणी कोण पितं

आता खालापूरचं पाणी कुठे जातं ते पाहू.

चौकजवळ धावरी नदीवर मोरबे धरण आहे. ते नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचं आहे. स्वतःच्या मालकीचं एवढं धरण असलेल्या महापालिका राज्यात मोजक्याच, आणि नवी मुंबईला त्याचा रास्त अभिमान आहे. साठवण १९०.८९ दशलक्ष घनमीटर, योजनेची क्षमता रोज ४५ कोटी लिटर. उन्हाळ्यात शेजारच्या शहरांत पाणीकपात सुरू झाली की नवी मुंबईकर मोरबेचं नाव घेतात. पण मोरबेत पाणी नळातून येत नाही. ते माथेरानच्या आणि इर्शाळगडाच्या उतारांवरून येतं. ते उतार उघडे पडले तर पावसाचं पाणी तेवढंच येईल, पण एकदम येईल आणि सोबत माती घेऊन येईल. गाळाने धरण भरतं हे सांगायला जलतज्ज्ञ लागत नाही.

पाताळगंगेचं तेच. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी खोपोलीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून खाली उतरतं आणि नदीत येतं. १९१५ पासून हे चालू आहे, त्यावर पुढे इथली कारखानदारी उभी राहिली. कर्जतकडे भिवपुरीच्या केंद्रातून येणारं पाणी उल्हासला मिळतं, आणि उल्हासवर बदलापूरपासून कल्याणपर्यंतची शहरं तहान भागवतात. म्हणजे आमचे दोन तालुके हे महामुंबईची घागर आहेत. रायगडात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये याच तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. घागर वाहणाऱ्याच्या घशाला कोरड.

शहराने या उतारांना काय दिलं? शनिवार-रविवारची गर्दी, धबधब्याखालच्या बाटल्या, आणि फार्महाउसचे प्लॉट.

जंगलाची किंमत कोणी काढलेलीच नाही, असंही नाही. वनजमीन एखाद्या प्रकल्पाला द्यायची झाली की प्रकल्पवाल्याकडून 'निव्वळ वर्तमान मूल्य' घेतात. २००८ मध्ये ठरलेले दर हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाखांपर्यंत होते, पुढे ते वाढले. हवा, पाणी, माती, जैवविविधता, सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणजे जंगल काय काम करतं हे सरकारला नीट माहीत आहे, फक्त ते आठवतं जंगल मेल्यावर. तो पैसा भरपाई वनीकरणाच्या निधीत जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री असताना या निधीतले ४७ हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांना वाटले गेले. त्यातून वनखातं रोपं लावतं. खाजगी जमिनीवरचं जंगल जिवंत राखणाऱ्या कुणब्याला, आगऱ्याला, ठाकराला त्यातून काही नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने 'ग्रीन क्रेडिट'चे नियम आणले. मला वाटलं, आता आमचा नंबर. २२ फेब्रुवारी २०२४ ची वृक्षलागवडीची पद्धत वाचली. जमीन वनखात्याच्या ताब्यातली हवी, आणि हेक्टरी किमान ११०० झाडं लावायची. पुन्हा लावायचीच. आमच्या राज्याने २०१६ मध्ये २ कोटी, मग ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावायचे संकल्प केले. खड्डे मोजले, रोपं मोजली, फोटो निघाले. रोपट्याचा फोटो चांगला येतो, मंत्र्यांच्या गुडघ्याएवढं असतं ते. चाळीस वर्षांच्या किंजळाशेजारी मंत्री फार लहान दिसतात.

उताराचा भाव

आता काकांच्या बाजूने बघा. वरकसातून त्यांना मिळतं काय? थोडं जळण, थोडं गवत, करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या. युरिया आल्यापासून राब कमी झाला, नाचणीला माणसं मिळत नाहीत. जंगल वाढलं ते यामुळेच, कोणी मुद्दाम राखलं म्हणून नव्हे, हेही कबूल करतो. पण आता ते तिथे आहे, आणि वणवा लागू नये म्हणून दर जानेवारीत कडेचं गवत काढणं, आग लागलीच तर रात्री ओल्या फांद्या घेऊन पळणं, हे काम काका करतात.

समोर दोन माणसं उभी आहेत. एक लाकडाचा ठेकेदार. तो म्हणतो परवानगीचं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा. दुसरा एजंट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आहेच, पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्ग होतोय, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यातली प्रत्येक बातमी एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर आधी येते. त्याने काकांना सांगितलेला आकडा त्यांनी आयुष्यभर पिकवलेल्या भाताच्या किमतीपेक्षा मोठा आहे. तो जमीन बघायला येतो तेव्हा झाडांकडे बघत नाही. 'व्ह्यू' बघतो.

या दोघांसमोर तिसरा माणूस उभा नाही, जो म्हणेल की हे असंच राहू द्या, त्याचे मी दरवर्षी इतके देतो. बाजारात बोली लावायला जंगलाचा कोणी आलाच नाही. मग जमीन विकली की आपण म्हणतो, गावातल्या लोकांना निसर्गाची किंमत नाही.

उतार विकला जातो, कापला जातो, पायथ्याशी भिंत बांधून वर बंगला बसतो, तेव्हा खाली राहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. ठाकरांची ती वाडी याच खालापूर तालुक्यातली, खाली मोरबेचं पाणी. तिथे झाडं जास्त असती तर हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. तेवढा पाऊस, तो कडा, त्याची कारणं भूगर्भतज्ज्ञांनी सांगावीत. दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडी नव्हती, एवढं तेव्हा सरकारनेच सांगितलं. माझा मुद्दा यादीचा आहे. आपण उतारांकडे बघतच नाही. कापल्याशिवाय किंवा कोसळल्याशिवाय ते आपल्या हिशोबात येत नाहीत.

हिशोब

"पण पैसे कुठून आणणार?" हा प्रश्न इथे येतोच, म्हणून हिशोब करून दाखवतो.

मोरबेची क्षमता रोज ४५ कोटी लिटर. हजार लिटरमागे फक्त ५० पैसे राखणावळ लावली तर दिवसाला सव्वादोन लाख रुपये होतात. वर्षाला ८ कोटी २१ लाख. एकरी ५,००० रुपये धरले तर सोळा हजारांहून जास्त एकरांची राखणावळ निघते. आणि महिन्याला वीस हजार लिटर वापरणाऱ्या कुटुंबाच्या बिलात वाढ होते दहा रुपयांची. वाशी स्टेशनबाहेर त्यात एक वडापाव येत नाही. कारखान्यांना आणि वॉटर पार्कांना दर वेगळा, जास्त ठेवा.

एकरी पाच हजारांनी एजंटचा आकडा हरणार नाही, मला माहीत आहे. पण विकणाऱ्यांपैकी सगळे हौसेने विकत नाहीत. मुलीचं लग्न, बापाचं ऑपरेशन, आणि 'नाहीतरी त्या जमिनीतून काय मिळतं', या तिसऱ्या वाक्यावर व्यवहार ठरतो. ते वाक्य तरी खोटं पाडता येईल. ठेकेदाराला तर पाच हजार नक्कीच हरवतात, कारण तो एकदा देतो आणि राखणावळ दरवर्षी येते.

जगात हे कोणी केलं नाही असं नाही. कोस्टा रिकाने १९९६ मध्ये वनकायदा केला आणि पुढच्या वर्षापासून खाजगी जंगलमालकांना पैसे द्यायला सुरुवात केली. पैसा आला मुख्यतः इंधनावरच्या करातून. १९८० च्या दशकात त्या देशातलं जंगल भूभागाच्या पावपट उरलं होतं, आज निम्म्याहून जास्त आहे. सगळं श्रेय या पैशाला नाही. त्याच कायद्याने जंगल मोडायला बंदीही केली, आणि गुरांच्या मांसाचे भावही पडले होते. पण बंदी आणि मोबदला हातात हात घालून आले, एवढं लक्षात घ्या. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिलच्या डोंगराळ पाणलोटातल्या गावांशी करार केला. अब्जावधी डॉलरांचा गाळणी प्रकल्प बांधण्यापेक्षा वरच्या शेतकऱ्यांना ओढ्याकाठी झाडं राखायला, शेणाची नीट व्यवस्था करायला पैसे देणं स्वस्त, हा त्यांचा व्यापारी हिशोब होता. त्यात निसर्गप्रेम असेल-नसेल, गणित पक्कं होतं.

आपल्याकडेही सुरुवात झालेली आहे, फक्त सरकारने केलेली नाही. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर भागात जमीनमालकांशी आणि गावांशी ठरावीक वर्षं झाडं न तोडण्याचे करार करते आणि त्याचे पैसे देते. हिरडा-बेहडा गोळा करणाऱ्यांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळवून देऊन चांगल्या भावाची वाटही त्यांनी काढली. जुना बेहडा उभा राहिला की त्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, आणि फळांचे पैसे मालकाला मिळतात. इथे नेरळला सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणीशिवाय भात घ्यायचं तंत्र शेतकऱ्यांपुढे ठेवलं, त्यात खाचराची माती वाहून जाणं कमी होतं. म्हणजे शिकवणारे आहेत, राखणारे आहेत. कायमचा पैसा आणि कायद्याची हमी हे दोनच नाही, आणि ते दोन्ही संस्थेच्या आवाक्याबाहेरचं आहे.

आक्षेप

पहिला: "स्वतःच्या जमिनीतली झाडं राखायचे पैसे कसले? ते कर्तव्य आहे." असेल. मग नवी मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीने पार्किंगमधली फरशी उखडून तिथे जंगल करावं, कर्तव्य म्हणून. नाही जमत? कारण ती जागा महाग आहे. काकांची जागाही आता महाग आहे. पर्यावरणाचं कर्तव्य नेहमी ज्याची जागा स्वस्त त्याच्याच वाट्याला येतं, ही काही नैतिकता नव्हे.

दुसरा: "पैसे फार्महाउसवालेच खातील." ही भीती मला सगळ्यात खरी वाटते. म्हणून अटी आधी ठरवा. राखणावळ गावात राहणाऱ्या खातेदारालाच, आणि काही एकरांपर्यंतच. कंपनीच्या किंवा ट्रस्टच्या नावावरच्या जमिनीला शून्य. दळी जमिनी कसणारे आणि वनहक्क दावेदार आदिवासी पहिल्या यादीत. ज्यांच्याकडे जमीनच नाही अशा कातकरी वाड्यांना जाळरेषा काढण्याचं, वणव्यावर लक्ष ठेवण्याचं पगारी काम. नाहीतर ही योजनाही सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांचीच होईल, आणि जंगलाला सगळ्यांत जास्त ओळखणारा माणूस बाहेर उभा राहील.

तिसरा: "मोजणार कोण?" अहो, मोजायचं यंत्र काकांच्या खिशात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यातले शेतकरी शेतात उभे राहून पिकाचे फोटो अपलोड करतायत. त्याच अ‍ॅपमध्ये 'राखीव झाडोरा' असा एक पर्याय टाका. वर्षातून दोनदा फोटो, वरून उपग्रहाचं चित्र, आणि ग्रामसभेत यादीचं वाचन. खोटं बोलणारा गावात लपत नाही.

चौथा आक्षेप गावातून येतो, आणि तो मी काकांकडूनच ऐकला: "आज पैसे देतील, उद्या म्हणतील जंगल झालं, आता सरकारजमा." १९७५ अजून जिवंत आहे ते असं. म्हणून राखणावळीच्या कायद्याचं पहिलं कलम हे हवं: या योजनेत नोंदवलेली जमीन केवळ त्या नोंदीमुळे कधीही वन ठरवली जाणार नाही, मालकी आणि वहिवाट बदलणार नाही, आणि करार संपल्यावर मालक मोकळा. हे कलम नसेल तर पैसे कितीही द्या, लोक सही करणार नाहीत. आणि करू नयेच.

दिवाळीनंतर

तुम्ही हे मोबाइलवर वाचत असाल, आणि वाचणाऱ्यांपैकी बरेच जण ठाणे, पनवेल, नवी मुंबई, पुणे इथले असाल. कर्जतच्या धबधब्याचे रील तुम्ही शेअर केले असतील. झाडं तोडल्याची बातमी आली की ऑनलाइन याचिकेवर सही केली असेल. चांगलं आहे. पण पुढच्या वेळी तुमच्या प्रभागात उमेदवार मत मागायला येईल तेव्हा एक प्रश्न विचारा: आपलं पाणी कुठल्या डोंगरावरून येतं आणि त्या डोंगराला आपण वर्षाला किती देतो? दहा रुपये जास्त द्यायची तुमची तयारी आहे, हे त्याला सांगा. पाणीपट्टी वाढवा असं म्हणणारा मतदार त्याने आजवर पाहिलेला नसेल. दचकेल, पण लक्षात ठेवेल.

आमच्याकडे एजंट दिवाळीनंतर येणार आहे. काकांनी मला विचारलं, "तू शिकलेला आहेस, तू सांग, काय करू?" मी त्यांना 'विकू नका' असं अजून म्हटलेलं नाही. म्हणायचा अधिकार मला कुठून आला? मी आठवड्याचे पाच दिवस शहरात राहतो, तिथलं पाणी पितो, आणि त्या पाण्याचे पैसे वरकसापर्यंत पोचत नाहीत. उद्या ते विकून मोकळे झाले तर मी त्यांना दोष देणार नाही. कोणी देऊही नये.

मागच्या वर्षीची नोंद मी परवा पुन्हा उघडून पाहिली. तीन एकर, कायम पड. स्क्रीनवर अजून तसंच आहे, आणि वर उतारावर कुंभ्याला नवी पालवी आली आहे.